उपासनेतील गायकवृंद आणि त्याची तालीम

तमिळनाडूतील कुंभकोणम हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या सुपीक भूमीवर वसले आहे. मंदिरांची गोपुरे, बारा वर्षांनी येणारा महामहम उत्सव, विड्याची पाने आणि पितळी समया यांमुळे ते सर्वत्र ज्ञात आहे. याच नगरीत ख्रिस्ती उपासनेचीही जुनी परंपरा आहे. येथील कॅथॉलिक धर्मप्रांताची स्थापना १८९९ साली झाली. लूथरन आणि चर्च ऑफ साउथ इंडिया यांच्या मंडळ्याही या भागात आहेत. या सर्वांच्या उपासनेत गाण्याला मोठे स्थान आहे, आणि ते गाणे नीट व्हावे म्हणून आठवड्यातून एकदा तरी गायक-वादकांनी एकत्र बसून तालीम करावी लागते.

ही तालीम वरवर पाहता सोपी वाटते. चार गाणी ठरतात, पेटीवर किंवा कीबोर्डवर सूर धरला जातो, प्रत्येक गाणे आरंभापासून शेवटपर्यंत दोनदा म्हटले जाते आणि सर्वजण घरी जातात. रविवारी गायकवृंद निर्दोष गातो. तरीही मंडळी हातात गीतपुस्तक धरून नुसती उभी राहते. अशा वेळी दोष मंडळीच्या अनास्थेला दिला जातो. वास्तविक तो बहुधा तालमीचा असतो. वृंदाने स्वतः गाण्याची तयारी केलेली असते, दुसऱ्यांना गायला लावण्याची तयारी केलेली नसते. या दोन तयाऱ्या भिन्न आहेत. त्यांतील भेद ओळखणे हा तालमीचा पहिला धडा होय.

दोन शेजारी परंपरा

हा भेद समजून घेण्यासाठी कुंभकोणमहून अधिक योग्य स्थळ क्वचितच सापडेल. नगरापासून जवळच मरुदानल्लूर हे गाव आहे. तेथील सद्गुरू स्वामी (१७७७–१८१७) यांनी दक्षिण भारतातील भजनपद्धतीला निश्चित क्रम दिला. प्रारंभीचे मंगल, गुरुवंदन, त्यानंतर निरनिराळ्या भाषांतील रचना असा तो क्रम आहे. त्यात संस्कृत अष्टपदी आहे, तेलुगू आणि कन्नड पदे आहेत, आणि महाराष्ट्रातील संतांचे अभंगही आहेत. तंजावरवर १६७६ च्या सुमारास मराठ्यांची सत्ता आली व ती १८५५ पर्यंत टिकली. या दीर्घ सहवासातून मराठी पदरचना आणि कीर्तनाची रीत कावेरीकाठी रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यात ओवी, साकी आणि दिंडी यांना स्थान मिळाले, ते याच कारणाने.

या भजनपद्धतीची एक विशेषता येथे महत्त्वाची आहे. भागवतर एक ओळ म्हणतो आणि जमलेले सर्वजण तीच ओळ परत म्हणतात. ऐकणारा आणि गाणारा असे दोन वर्ग तेथे उरत नाहीत. नवखा मनुष्य पहिल्या दिवशी शेवटचे दोन शब्द म्हणतो, महिन्याभरात पूर्ण ओळ म्हणू लागतो. भजनाची तालीम भजनातच होत असते.

ख्रिस्ती परंपरेचा इतिहासही याच प्रदेशात घडला. १७०६ साली त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युट्शाउ हे धर्मोपदेशक तरंगंबाडी येथे उतरले. पुढील काळात जर्मन स्तोत्रांची तमिळ भाषांतरे मूळ युरोपीय चालींवर बसवली गेली. त्यांना ‘ज्ञानप्पाट्टु’ म्हणतात. यानंतर तंजावरचे वेदनायगम शास्त्रियार (१७७४–१८६४) यांनी कर्नाटक संगीताच्या घाटात विपुल ख्रिस्ती कीर्तनांची रचना केली. शास्त्रियार आणि दुसरे सरफोजी राजे या दोघांनाही श्वार्ट्झ या धर्मोपदेशकाचे शिक्षण लाभले होते, आणि पुढे राजाचा आश्रयही शास्त्रियारांना मिळाला. तंजावरचेच अब्राहम पंडितर (१८५९–१९१९) यांनी ख्रिस्ती गीते रचली आणि ‘करुणामृत सागरम्’ हा संगीतशास्त्रावरील बृहद्ग्रंथ १९१७ साली प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात याच सुमारास नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि भजनाची वाणी देत होते. दोन्ही ठिकाणी प्रेरणा एकच होती. मंडळीला आपल्या घरच्या सुरात गाता आले पाहिजे.

परंतु घर कोणाचे, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. शास्त्रियार तमिळ गीतांच्या बाजूने नव्या धर्मोपदेशकांशी झगडले, आणि त्याच काळात चर्चमधील जातिभेदाच्या रूढीचेही त्यांनी समर्थन केले. कर्नाटक रागदारी ज्यांच्या कानावर लहानपणापासून पडली नाही, अशा श्रमिक आणि दलित मंडळीला ती कीर्तने परकी वाटू शकत होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मदुराईच्या धर्मविद्यालयातील जे. थिओफिलस अप्पावू (१९४०–२००५) यांनी हा मुद्दा ठामपणे मांडला. लोकगीताची चाल सर्वांना सहज उचलता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलताही येते, म्हणून ती उपासनेत आली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. कॅथॉलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत जनसमुदायाच्या पूर्ण आणि सक्रिय सहभागावर भर दिला. त्यानंतर लॅटिनची जागा क्रमाने लोकभाषांनी घेतली. मार्ग वेगळे असले तरी या सर्वांचा निर्देश एकाच दिशेला आहे: उपासनेतील मुख्य गायक म्हणजे मंडळी. वृंद हा तिचा आधार होय.

तालमीपूर्वीचे काम

तालमीचा बराचसा भाग तालमीपूर्वीच पुरा व्हावा लागतो. वृंदात शाळकरी मुलगी असते, रेशमाच्या मागावर दिवसभर बसणारा विणकर असतो, पाळी संपवून आलेली परिचारिका असते, सेवानिवृत्त कारकून असतो. त्यांनी दिलेला दीड तास हा त्यांच्या विश्रांतीतून काढलेला असतो. कोणते गाणे घ्यावे, किती कडवी म्हणावीत, सूर कोणता, यावर त्या दीड तासातली वीस मिनिटे चर्चेत गेली, तर तो त्यांच्या श्रमाचा अवमान ठरतो. म्हणून वृंदप्रमुखाने धर्मगुरू किंवा पाळक यांच्याशी आधीच बोलून त्या दिवसाचे शास्त्रवाचन जाणून घ्यावे, गाणी निश्चित करावीत आणि शब्द व क्रम कागदावर लिहून द्यावेत. वादकांनी अर्धा तास आधी यावे. मृदंग किंवा तबला लावणे, तारा जोडणे, ध्वनिवर्धक तपासणे ही कामे गायक समोर बसलेले असताना करू नयेत.

नव्या गाण्यांच्या बाबतीत संयम आवश्यक आहे. एका रविवारी एकाहून अधिक नवे गाणे घेऊ नये, आणि घेतलेले गाणे लागोपाठ तीन-चार आठवडे ठेवावे. वृंदाला ते दुसऱ्या आठवड्यातच जुने वाटू लागते. मंडळीला मात्र त्या वेळी ते नुकते ओळखीचे झालेले असते. वृंदाच्या कंटाळ्यावरून गाणी बदलणे ही मंडळी मुकी होण्याची एक नेहमीची वाट आहे.

श्रुतीची निवड

मंडळी न गाण्याचे दुसरे सामान्य कारण म्हणजे सूर. तमिळ गायक सूर ‘कट्टै’ या मापाने सांगतात. पेटीची पांढरी एक म्हणजे एक कट्टै, पांढरी पाच म्हणजे पाच कट्टै. पुरुष गायक सामान्यतः एक कट्टैच्या आसपास गातात, स्त्रिया पाचच्या आसपास. वृंदातील प्रमुख गायिका पाच कट्टैला सुरेख गात असेल, तर सारे गाणे त्याच सुरात बसवण्याचा मोह होतो. परिणामी पुरुषांना ते एक तर फार उंच पडते, नाही तर खालच्या सप्तकात पुटपुटावे लागते, आणि ज्यांना गळ्याची तालीम नाही त्या स्त्रियांनाही तार सप्तकातील ओळ झेपत नाही.

म्हणून सूर ठरवताना गाण्यातील सर्वांत उंच स्वर कोठे येतो ते प्रथम पाहावे. पेटीच्या पांढऱ्या एकला षड्ज मानल्यास तो स्वर तार ऋषभाच्या फार वर जाऊ नये. बहुतेकांना तेथपर्यंत ओरडावे न लागता पोचता येते. चरण उंच जात असेल, तर संपूर्ण गाणे एक-दोन स्वर खाली आणावे. एका गायकाच्या आवाजाची चमक थोडी कमी झाली, तरी शंभरांचे तोंड उघडते. सकाळच्या पहिल्या उपासनेला गळे तापलेले नसतात, हेही लक्षात ठेवावे. त्या वेळी सूर आणखी किंचित खाली घेणे शहाणपणाचे असते.

दीड तासाची आखणी

नव्वद मिनिटांची तालीम पुढील क्रमाने आखता येते. पहिली दहा मिनिटे प्रार्थना, शांतता आणि श्रुतीत मिळून येणे यांसाठी असावीत. सर्वांनी तंबोऱ्याच्या किंवा श्रुतिपेटीच्या आधाराने षड्ज-पंचम धरावेत. गळा तयार होण्याबरोबरच एकमेकांचे आवाज कानात बसणे हा या दहा मिनिटांचा हेतू आहे.

पुढील तीस मिनिटे नव्या गाण्यासाठी द्यावीत, कारण मन याच वेळी ताजे असते. प्रथम शब्द मोठ्याने वाचावेत. तमिळमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो: ‘कल्’ म्हणजे दगड आणि ‘काल्’ म्हणजे पाय. युरोपीय चालीवर बसवलेल्या स्तोत्रात ऱ्हस्व अक्षर लांबवले गेले की शब्दच बदलण्याचा धोका असतो. मराठी गायकांनाही ‘मन’ आणि ‘मान’ यांच्या उदाहरणावरून ही अडचण कळेल. वाचनानंतर तेच शब्द हाताने ताल देत म्हणावेत. आदि तालात एक टाळी, करंगळीपासून तीन बोटे, मग टाळी-विसर्जित, टाळी-विसर्जित अशी आठ अक्षरे मोजली जातात. त्यानंतर चाल घ्यावी, तीही वाद्यांशिवाय. प्रमुखाने ओळ म्हणावी, सर्वांनी ती परत द्यावी. मरुदानल्लूरची ही रीत तालमीच्या खोलीतही तितकीच उपयोगी पडते.

त्यापुढील पंचवीस मिनिटे ओळखीच्या गाण्यांतील अवघड जागांसाठी असावीत. येथे अनेक वृंद वेळ दवडतात. एका ओळीत चूक होते आणि सर्व गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले जाते. अशाने सोपा भाग दहादा म्हटला जातो आणि अवघड भाग तेवढाच कच्चा राहतो. चुकणारी ओळ बाजूला काढावी, तिची लय निम्मी करावी, ती तीन वेळा निर्दोष म्हणावी. नंतर तिच्या आधीच्या ओळीपासून प्रारंभ करून तिच्यात प्रवेश करावा, कारण चूक पुष्कळदा ओळीत नसते, ओळीत शिरण्याच्या क्षणी असते.

कीर्तनात असे क्षण ठरलेले असतात. पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशी त्याची रचना असते, आणि प्रत्येक चरणानंतर पल्लवीकडे परतावे लागते. मराठी भजनातील धृपदाचे स्थान असेच आहे. पल्लवी एकदा म्हणायची की दोनदा, हे ठरलेले नसेल तर वृंद पुढे जातो, मंडळी मागे राहते आणि पुढच्या ओळीला दोघेही अडखळतात. शिवाय कित्येक कीर्तनांचा उठाव समेवर नसतो, टाळीनंतर अर्ध्या अक्षराने असतो. त्याला तमिळमध्ये ‘एडुप्पु’ म्हणतात. प्रमुखाने समेची टाळी सर्वांना दिसेल अशी द्यावी आणि शब्द उचलण्याची खूण डोळ्यांनी किंवा मानेने करावी. ज्ञानप्पाट्टूमध्ये हा प्रश्न निराळ्या रूपात येतो. तेथे दर ओळीच्या अखेरीस श्वास घेण्याची जागा असते, आणि तो श्वास किती अवधीचा हे ठरवावे लागते. दोन्ही प्रकारांत, वाचनात गोंधळ होणार नाही अशी एकच खूण सर्वांच्या कागदावर असावी.

यानंतरची पंधरा मिनिटे संपूर्ण उपासनेच्या क्रमासाठी ठेवावीत. गाणी पूर्ण म्हणण्याची आवश्यकता नाही. प्रत्येकाचा आरंभ, शेवट आणि दोन गाण्यांमधील दुवा म्हणून पाहावा. वाचन संपल्यावर सूर किती वेळात द्यायचा, एका सुरातून दुसऱ्यात कसे जायचे, अर्पणाच्या वेळी गाणे लांबवावे लागल्यास कोणती ओळ पुन्हा घ्यायची, या गोष्टी येथे निश्चित होतात. उरलेली दहा मिनिटे एका परीक्षेसाठी राखावीत. तिचा विचार शेवटी केला आहे.

चूक दाखवण्याची रीत

उपासनेचा वृंद हा पगारी नसतो. चूक दाखवण्याच्या रीतीवर तो टिकतो किंवा मोडतो. ‘तुमचा सूर उतरला’ असे एखाद्याकडे पाहून म्हणण्यापेक्षा ‘अनुपल्लवीच्या दुसऱ्या शब्दावर सूर उतरतो, ती जागा पुन्हा घेऊ या’ असे म्हणावे. दोष व्यक्तीचा न राहता जागेचा होतो, आणि जागा दुरुस्त करता येते. गाणे थांबवल्यास का थांबवले ते लगेच, एका वाक्यात सांगावे. एका वेळी एकच सुधारणा सांगावी. ताल, उच्चार आणि भाव यांविषयी एकदम बोलल्यास गायकाच्या ध्यानात काहीच राहत नाही. ज्याला वारंवार एकट्याने साह्य हवे, त्याला तालमीनंतर बाजूला घेऊन शिकवावे.

तक्रारीला जागा असणेही तितकेच आवश्यक आहे. एखादी वयस्क गायिका ‘ही चाल आमच्या वस्तीत कोणी म्हणत नाही’ असे सांगते, तेव्हा ती अडथळा आणीत नसते. मंडळीच्या मागच्या रांगेत काय घडते याची माहिती तिच्याइतकी प्रमुखाला नसते. अप्पावूंनी मांडलेला प्रश्न अशाच साध्या वाक्यांतून तालमीत येत असतो.

वाद्यांची मर्यादा

आजच्या वृंदात कीबोर्ड, गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ताल ही वाद्ये सर्रास दिसतात. ती वर्ज्य मानण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या स्वभावाचा विचार व्हावा. आनंदभैरवीसारख्या रागात गांधार डोलता असतो. कीबोर्डने त्या जागी स्थिर स्वरमेळ दाबून धरला, तर गायकाला डोलणे सोडावे लागते किंवा बेसूर व्हावे लागते. अशा कीर्तनाला कीबोर्डने केवळ षड्ज-पंचम धरावेत. ज्ञानप्पाट्टूला मात्र स्वरमेळ शोभतो, कारण त्याची घडण त्यासाठीच झाली आहे. उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये नाद घुमत राहतो. तेथे जलद ताल आणि दाट वाजवणे यांमुळे शब्द पुसले जातात. म्हणून महिन्यातून एकदा तरी तालीम प्रत्यक्ष उपासनेच्या जागी घ्यावी आणि एका सदस्याने सर्वांत मागे बसून शब्द ऐकू येतात का ते सांगावे.

वीज जाण्याची शक्यताही धरून चालावे. नाताळची तयारी ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत होते. प्रत्येक गाणे केवळ टाळ आणि आवाज यांवर उभे राहू शकते की नाही, हे आधी पाहिलेले असावे. जे गाणे वीज गेल्याबरोबर कोसळते, ते मंडळीच्या मुखी बसलेले नसते.

शेवटची दहा मिनिटे

आता राखून ठेवलेल्या परीक्षेकडे वळता येईल. तालमीच्या शेवटी वृंदाबाहेरच्या चार-पाच व्यक्तींना आत बोलवावे. चर्चची झाडलोट करणारी स्त्री, कोणाला न्यायला आलेला भाऊ, अंगणात खेळणारी मुले, जे असतील ते चालतील. त्यांच्या हाती नव्या गाण्याचे शब्द द्यावेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ओळ आधी म्हणून दाखवावी. वृंदाने पल्लवी दोनदा म्हणावी, तिसऱ्या वेळी त्यांच्याबरोबर म्हणावी आणि चौथ्या वेळी स्वतः थांबावे. केवळ श्रुती आणि टाळी चालू ठेवावी.

ते लोक गात राहिले, तर तालीम सफल झाली असे समजावे. ते थांबले, तर कोठे थांबले ते नीट पाहावे. उंच स्वरावर थांबले असतील तर सूर खाली आणावा. उठावावर थांबले असतील तर खूण अधिक स्पष्ट करावी. शब्दावर थांबले असतील तर लय कमी करावी. कोठेच सुरुवात केली नसेल, तर गाण्याचीच निवड पुन्हा तपासावी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. रविवारी जे मागच्या रांगेत घडणार होते, ते त्यांनी एक दिवस आधी दाखवून दिलेले असते, आणि ते दुरुस्त करण्यास वृंदाजवळ अजून एक रात्र शिल्लक असते.